माहीमचा कॉजवे कंपनी सरकारने फुकटात दिला नव्हता

‘इंग्रजांनी मुंबईला काय दिलं’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. परवा तो मोठ्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेले आणि ‘नव्या पिढीने जरूर वाचावे’ अशी तंबी. भाचरांनी पटापट अंगठे दाखवले, एकाने तो स्टेटसलाही लावला. मामांशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय. कुणीतरी त्यांना पाठवेलच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: १८४५ साली इंग्रज सरकारने होड्या बुडून मरणाऱ्या गरिबांची दया येऊन स्वतःच्या तिजोरीतून खाडीवरून माहीम ते वांद्रे रस्ता, म्हणजे माहीमचा कॉजवे, बांधला. तिथे डासांनी भरलेली निरुपयोगी दलदल होती, त्यामुळे कुणाचं काही गेलं नाही. दोन वर्षांत काम पूर्ण, एक पैसा टोल नाही, आजपर्यंत एक खड्डा नाही. आणि हे जमलं, कारण तेव्हा कोर्टात जाणारे खारफुटीवाले नव्हते.

तिजोरीचं आधी. माहीमच्या खाडीत होड्या उलटत होत्या, १८४१ मध्ये मोठी दुर्घटना झाली, इथवर ठीक. पण बांधासाठी पैसे मागितले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने हात वर केले. पैसे दिले आवाबाईंनी, म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नीने. आधी लाखभर रुपये, ते पुरेनात तेव्हा आणखी. बहुतेक ठिकाणी एकूण आकडा १ लाख ५७ हजार असा दिलेला असतो. माहीमचा एलजे रोड, लेडी जमशेटजी रोड, तो याच बाईंच्या नावाचा. मामा त्या रस्त्यावरून आयुष्यभर आले-गेले आहेत. यासाठी माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. एस. एम. एडवर्ड्स या इंग्रज अधिकाऱ्याने तयार केलेलं मुंबई शहराचं गॅझेटियर १९०९ साली सरकारनेच छापलं. ते आज इंटरनेटवर फुकट वाचता येतं, आणि त्यातसुद्धा या कॉजवेचं श्रेय लेडी जमशेटजींच्या देणगीला दिलेलं आहे. ज्यांची आरती चालू आहे त्यांचंच हे पुस्तक.

सरकारचा वाटा अगदीच नव्हता असं नाही. आराखडा आणि देखरेख सरकारी अभियंत्यांची होती, आणि १८४५ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांनी उद्घाटन केलं. पैसा एकाचा आणि फीत दुसऱ्याने कापायची, ही रीतही तेव्हापासूनची म्हणायची. आवाबाईंच्या पैशालाही सोवळं नेसवायचं कारण नाही. जीजीभॉयांची संपत्ती चीनशी केलेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून आली होती.

टोल. हे अर्धं खरं आहे, कबूल. माहीमच्या कॉजवेवर टोल नव्हता. पण का नव्हता? सरकारने या रस्त्यावर टोल लावायचा नाही, या अटीवरच आवाबाईंनी पैसे दिले होते. अशी अट घालावी लागली याचं कारण मुंबईकरांनी आधीच पाहिलेलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, कंपनीने शीव ते कुर्ला बांध घातला. साष्टीचा, म्हणजे मुंबईच्या उत्तरेकडच्या बेटाचा, माल मुंबईच्या बाजारात यावा हा त्याचा हेतू. आणि त्या शीवच्या कॉजवेवर कंपनी टोल घेत होती. म्हणजे सरकारने बांधला तिथे टोल, आणि पारशी बाईने पैसे घालून बजावलं तिथे माफ. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं उलटं लिहिलंय.

दोन वर्षं हेही साधारण खरं. १८४३ ला काम सुरू झालं आणि १८४५ ला रस्ता खुला झाला. मात्र अंदाजपत्रक तेव्हाही कोलमडलं होतं, ते वर आलंच आहे. खड्ड्यांबद्दल मी फार बोलणार नाही. १८४५ मध्ये त्या रस्त्यावरून बैलगाड्या आणि घोडागाड्या जायच्या. आज आपण ज्यावरून जातो तो रुंद केलेला, पुन्हापुन्हा डांबर चढवलेला रस्ता आहे. ‘एक खड्डा नाही’ लिहिणाऱ्याने एका पावसाळ्यात माहीमहून वांद्र्याला दुचाकी चालवून दाखवावी. चिखलावरच्या भरावाचा स्वभावच असा की वजन पडलं की खालच्या चिकणमातीतलं पाणी हळूहळू बाहेर निघतं आणि रस्ता वर्षानुवर्षं थोडाथोडा बसत जातो. इंग्रजांच्या मातीलाही हा नियम लागू होता.

आता ‘निरुपयोगी दलदल’. बाकीचं सोडून दिलं असतं, पण हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं.

त्या दलदलीला आपल्याकडे खाजण म्हणतात. भरतीला पाणी चढतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो, काठाने तिवरं, म्हणजे खारफुटी, असतात. त्या चिखलात निवट्या, चिंबोऱ्या, कालवं मिळतात, तिवरांच्या मुळांत कोळंबीची पिल्लं वाढतात. माहीमचा कोळीवाडा या खाडीच्या तोंडाशी आहे, आणि धारावीचा आत. हो, धारावी. ज्या गॅझेटियरचं वर सांगितलं, त्यातच धारावीची गणना मुंबईच्या सहा मोठ्या कोळीवाड्यांमध्ये केलेली आहे. आज धारावी म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यापुढे होडी येते का? इकडे शीवचा बांध, तिकडे माहीमचा, मग आणखी भराव, आणि तिथल्या कोळ्यांची मासेमारी गेली. ‘कुणाचं काही गेलं नाही’ असं लिहिणाऱ्याला ही माणसं दिसलीच नाहीत, कारण त्याच्या मेसेजमध्ये फक्त डास राहतात.

आणि हे फक्त कोळ्यांचं नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावरून वाहणारं पाणी घेऊन मिठी नदी माहीमला समुद्राला मिळते. त्या तोंडाशीच आडवा भराव घातला आणि पाण्याला पुलाखालून जाईल एवढी वाट ठेवली. बाटलीला बूच लावून मधे भोक पाडावं तसं. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दुपारी मोठी भरती होती, आणि पाणी मागे कुर्ल्यात, कलिन्यात, शीवला चढलं. ते पाप एकट्या कॉजवेच्या माथी मारणं चुकीचं होईल. विमानतळाच्या धावपट्टीखालून नदी वळवली गेली होती, दोन्ही काठांच्या खाजणावर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं होतं, वर अतिक्रमणं आणि कचरा. पण या सगळ्यामागचा विचार एकच होता: दलदल म्हणजे रिकामी जागा. पुढे या पुराच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या चितळे समितीने मिठी रुंद आणि खोल करायला सांगितलं. खाजण फुकट करत होतं तेच काम आता कोट्यवधी रुपये घालून करायचं.

मामा, तुमचं घर कुर्ल्याला. त्या रात्री तुम्ही आजीला पोटमाळ्यावर चढवून स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभे होतात, ही गोष्ट आम्ही दर पावसाळ्यात तुमच्याच तोंडून ऐकतो. हा मेसेज तुम्ही पुढे पाठवावात याचं मला राहूनराहून आश्चर्य वाटतं.

राहिले ‘कोर्टात जाणारे खारफुटीवाले’. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ते संरक्षण कायम ठेवलं. सार्वजनिक हिताचं काम असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन पुढे जाता येतं, आणि सरकारी यंत्रणा ती घेतातही. जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीच्या चिखलावरूनच निघतो. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरूही झाला, कुणी अडवून ठेवला नाही. फरक एवढाच की तो खांबांवर आहे, खालून भरती-ओहोटी चालू राहते. कोर्टाच्या अटींमुळे काम लांबतं, खर्च वाढतो, ही तक्रार पूर्ण खोटी नाही. पण वर्सोव्याहून भाईंदरकडे खारफुटीतून जाणाऱ्या नियोजित रस्त्याबद्दल ‘१८४५ सारखं बुजवा आणि मोकळे व्हा’ असं म्हणणाऱ्याने आधी आपलं घर कितव्या मजल्यावर आहे ते सांगावं.

आणि मेसेजसोबत तो काळा-पांढरा फोटो आहे ना, ‘१८४५, उद्घाटनाचा दिवस’ असं लिहिलेला? त्यात उजव्या कोपऱ्यात डबलडेकर बस दिसते. मुंबईत पहिली डबलडेकर धावली १९३७ साली.