'गोऱ्यांची पोरं सांभाळायला जर्मनी कशाला?' या प्रतिक्रियेला उत्तर

काका (तुम्ही मला 'बेटा' म्हणालात म्हणून काका म्हणते, चालेल ना?),

जर्मनीतल्या माझ्या वर्षाबद्दलच्या पोस्टखालची तुमची प्रतिक्रिया काढून टाक असं दोघातिघांनी मला मेसेज करून सांगितलं, पण मी नाही काढणार, कारण त्यातलं बरंचसं विचारण्यासारखंच आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं की जर्मनीत दिव्यांग मुलांच्या होस्टेलमध्ये वर्षभर राबणं ही सेवाबिवा काही नाही, व्हिसा मिळवायची आयडिया आहे, एवढीच कळकळ होती तर अमरावती जिल्ह्यात वझ्झरला, बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकरांकडे का नाही गेलीस, आणि मुलांचा एकही फोटो टाकला नाहीस म्हणजे खरंच गेली होतीस की नुसत्या गप्पा? शिवाय शेवटी हळूच, 'माझा पुतण्या पण हेच खूळ घेऊन बसलाय.'

व्हिसाचं आधी. हो, होताच डोक्यात, त्यात लपवायचं काय? पुण्यात जर्मनच्या कुठल्याही बॅचमध्ये जाऊन बघा, बी-वन (भाषेची मधली पातळी) झालं की कोणी ना कोणी एफएसजे नाहीतर बीएफडी (दोन्ही तिथल्या स्वयंसेवकांसाठीच्या सरकारमान्य योजना) शोधतच असतं, वर्षभर तिथे काम करायचं, भाषा सुधारायची आणि मग नर्सिंगची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करता करता घ्यायचं प्रशिक्षण. 'सेवा' हा शब्द तुमचा आहे, माझा नाही. आणि जर्मनीला तरी कुठे आपला पुळका आलाय? एफएसजे तिथे 1964 पासून आहे, पण बीएफडी 2011 ला आलं, कारण त्या वर्षी सक्तीची लष्करभरती थांबली. तोपर्यंत जी पोरं सैन्यात जायला नकार द्यायची ती त्याऐवजी हॉस्पिटलात, वृद्धाश्रमात, असल्या होस्टेलांत काम करायची, त्यांना 'त्सिवी' म्हणायचे, ती एकदम यायची बंद झाली. स्वयंसेवकाने पगारी माणसाची जागा घ्यायची नाही असा नियम आहे खरा, पण सकाळच्या शिफ्टचं कोणी आजारी पडलं की नियम काय करतो ते मी पाहिलंय, असो.

आता वझ्झर. शंकरबाबांचं नाव तुम्ही घेतलंत ते बरंच झालं, कारण माझा मुद्दा त्यांच्याच उदाहरणाने नीट कळेल. टाकून दिलेल्या, मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांना त्यांनी स्वतःचं नाव दिलं, बाप म्हणून कागदावर शंकरबाबा पापळकर, त्यांची लग्नं लावून दिली, 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. आणि वर्षानुवर्षं हा माणूस सरकारकडे एकच मागतोय, की बेवारस दिव्यांग मुलांना 18 वर्षं झाली म्हणून बालगृहाबाहेर काढू नका, ती जाणार कुठे, तसा कायदा करा. म्हणजे त्यांचं सगळं काम उभं आहे ते 'कोणी कुठे जायचं नाही' यावर. तिथे मी सहा महिने जाऊन, मुलांना लळा लावून, व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवून परत यायचं? ज्या मुलाला आधीच एकदा सोडून दिलंय त्याला मी अजून एकदा सोडायचं, आणि ते प्रेमाने केलं म्हणून चालेल? गावातलं कोणी दर रविवारी, वर्षानुवर्षं जाणार असेल तर गोष्ट वेगळी, ते मात्र करावंच.

परदेशातली 'व्हॉलंटिअरिंग' सगळी चांगली असंही मी म्हणत नाही हां. नेपाळ बघा. तिथली बरीचशी अनाथालयं काठमांडू, पोखरा, चितवन अशा टुरिस्ट जातात त्याच भागात आहेत, आणि त्यातल्या बहुतेक मुलांचे आईबाप किंवा निदान एक जण तरी जिवंत असतो. दलाल गावात जाऊन सांगतो, शहरात शिकवतो, पोर घेऊन येतो, मग गोरे पाहुणे पैसे भरून येतात, दोन आठवडे गाणी म्हणतात, रडतात, जातात, की पुढची बॅच. कंबोडियातही हाच खेळ. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणारा मुलांचा व्यापार हासुद्धा गुलामगिरीचाच प्रकार मानला. तर पुतण्या उद्या म्हणाला की पैसे भरून बालीला नाहीतर पोखऱ्याला अनाथ मुलांसोबत दोन आठवडे, तर त्याला खुशाल दोन रट्टे द्या, माझ्याकडूनही.

मी जिथे होते तिथे गिऱ्हाईक मी नव्हते, हा फरक. आमच्या मजल्यावर एक नऊ वर्षांचा मुलगा होता, सेरेब्रल पाल्सी, बोलता येत नाही, 'हो' म्हणायचं असलं की नजर वर छताकडे. त्याला भरवायला सुरुवातीचे कित्येक आठवडे मला दिलंच नाही, नुसतं शेजारी बसून बघायचं. पाठ सरळ, मान किंचित पुढे, मागे अजिबात नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जायची भीती, चमचा छोटा आणि चपटा, पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट केलेलं, एक घास द्यायचा आणि गळ्याची हालचाल होऊन तो खाली गेलेला दिसेपर्यंत थांबायचं, मगच दुसरा. अर्धी वाटी खिमटाला पाऊण तास. झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. हे मला शिकवणारी बाई तिथे वीसेक वर्षं होती, आणि सकाळी डोळे उघडल्यावर तो तिला शोधायचा, मला नाही. तेच बरोबर होतं. मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा नाश्ता त्याच वेळेला, त्याच हातून झाला असणार.

'जर्मनीचं कौतुक पुरे' असंही लिहिलंय तुम्ही. अहो, कौतुक नाहीये ते. स्वयंसेवकांच्या सेमिनारमध्ये आम्हाला दक्षिण जर्मनीतल्या ग्राफेनेकला नेलं होतं. दिव्यांगांचंच घर होतं ते, 1939 मध्ये नाझींनी ताब्यात घेतलं आणि 1940 च्या एका वर्षात तिथे 10,654 माणसं गॅसने मारली, आजूबाजूच्या संस्थांमधून राखाडी बसमध्ये भरून आणलेली. आज तिथे स्मारक आहे आणि शेजारी परत दिव्यांग लोक राहतात, आम्ही गेलो तेव्हा त्यांच्यातलेच एक आजोबा आम्हाला हात करत होते. युद्धानंतरही आपोआप काही सुधारलं नाही, 1958 ला मारबुर्गमध्ये आईबापांनी आणि तज्ज्ञांनी मिळून लेबेन्सहिल्फं ही संघटना काढली तेव्हा कुठे अशा मुलांसाठी नीट काही उभं राहायला लागलं. आणि आजसुद्धा एवढ्या लोकांना वेगळ्या संस्थांमध्ये का ठेवता म्हणून संयुक्त राष्ट्रांची समिती जर्मनीला झापतेच, 2015 ला झापलं, 2023 ला परत.

पण एक गोष्ट मला मनापासून पटली. तिथे संस्थेत मुलाने बाहेर पडू नये म्हणून नेहमी पलंगाचा कठडा लावून ठेवायचा किंवा त्याला पट्ट्याने खुर्चीत अडकवायचं तर आईबापाची सही पुरत नाही, फॅमिली कोर्टाची मंजुरी लागते, 2017 पासून. आपल्याकडे ओढणीने खुर्चीला बांधलेली मुलगी मी पाहिलीय, संस्थेचं नाव घेत नाही, तिथल्या मावशी वाईट नव्हत्या, वीस मुलं आणि त्या एकट्या, करणार काय.

फोटो. तिथे पालकांच्या लेखी परवानगीशिवाय चालत नाही हे एक झालंच, पण समजा चाललं असतं. लाळेरं बांधलेलं, तोंडाला खिमट लागलेलं, असा तुमचा नऊ वर्षांचा फोटो कोणी तुम्हाला न विचारता सगळ्या जगाला दाखवला असता तर? त्याला विचारलं असतं तर त्याची नजर वर गेली असती असं मला अजिबात वाटत नाही. तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू, पुरावा म्हणून त्याचा चेहरा मिळणार नाही.

राहिला पुतण्या. एजंटला पैसे देऊ नका, 'लाखभर भरा, सीट पक्की' म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा, कारण यात उलट संस्थाच पॉकेटमनी देते, इन्शुरन्स भरते, बऱ्याच ठिकाणी खोलीही असते, अर्ज थेट त्यांच्याकडे करता येतो. वय 27 च्या आत असेल तर एफएसजे, नाहीतर बीएफडी. इंटरव्ह्यूमध्ये त्याने दोन गोष्टी विचारायच्या, मला शिकवणार कोण आणि मला मुलांसोबत एकट्याला कधीपासून सोडणार, आणि उत्तर 'पहिल्या दिवसापासून' असं आलं तर दुसरी जागा बघायची. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा डायपर बदलायची तयारी आहे का, हे मात्र तुम्हीच विचारा, पण काकूंसमोर नको, लाजेल तो.