छत्रीएवढी चमक

आमचे नाना सध्या सोसायटीभर सांगत फिरतायत, की माझ्या गाडीचं बॉनेट त्यांनी चमकवलं. मला चिडायचा पूर्ण अधिकार आहे. पंचाईत एवढीच, की ते खोटं नाही.

भाच्याचा साखरपुडा, नवरामुलाला आमच्या गाडीतून न्यायचं ठरलेलं आणि गाडी काळी. रविवारी नळाला थेंब नाही, टँकर आला पावणेबाराला. पुण्यातला मे महिना. बॉनेटला हात लावला आणि पोळून मागे घेतला. त्यावर पापड वाळले नसते, थेट भाजले गेले असते.

पॉलिशच्या डबीवर लिहिलेलंच असतं : सावलीत, गाडी थंड असताना वापरा. लिहिणाऱ्याचं काय जातंय? आमच्याकडे सावलीसाठी चिठ्ठ्या टाकतात. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग, म्हणजे खांबांवरच्या इमारतीखालची जागा, स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. ते सोसायटीचं, सगळ्यांचं. सगळ्यांचं म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या, आणि दरवर्षी माझी चिठ्ठी कोरी. छपराखालच्या अख्ख्या एका जागेत नानांची चेतक उभी आहे. मी राहायला आल्यापासून ती एकदाही सुरू झालेली नाही. तिच्यावर जुन्या चादरीचं पांघरूण आहे, तेही सावलीत! मेंटेनन्स मात्र मी वेळेवर भरतो. असो. असो म्हणतोय, पण नाहीये.

शॅम्पूचं पाणी पुसायच्या आत वाळलं. टँकरचं पाणी क्षारांचं, त्यामुळे दारांवर पांढरी वेटोळी उमटली. त्यावर पॉलिश लावलं, तर ते वळून फडकं घेईपर्यंत सुकून चुन्यासारखं घट्ट. जोरात घासावं तर ओरखडे. रंगावरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून बारीक. एवढ्या ऐवजासाठी मी घामाने निथळत होतो.

आणि नाना आले. हातात लाकडी मुठीची काळी छत्री, एक काडी निखळलेली.

"पॉलिश करतोयस?"

पुण्यात हा प्रश्न नसतो, पंचनाम्याची पहिली ओळ असते.

"हो नाना."

"उन्हात?"

"हो नाना."

"उन्हात करू नये. थेंबाचं भिंग होतं, रंग जळतो."

"ते क्षाराचे डाग आहेत नाना."

"तेच ते. भिंगाचे क्षार."

मी तोंड उघडणार, तोच दिसलं की नानांच्या छत्रीची सावली बॉनेटवर पडलीय आणि तेवढ्या गोलात पॉलिश ओलं राहिलंय. फडकं फिरवलं, अलगद निघालं. खाली माझा चेहरा दिसला, घामेजलेला पण स्वच्छ.

लिफ्टमध्ये नाना दिसले की जिन्याने जाणारा माणूस मी. पण त्या क्षणी मी कमालीच्या जिव्हाळ्याने विचारलं, "नाना, ते तुमचं मोतीबिंदूचं काय झालं?"

नानांचा चेहरा उजळला. उजव्या डोळ्यापासून सुरुवात झाली. डॉक्टर कसा पोरगेला होता, लेन्स भारतीय घ्यावी की परदेशी यावर सुनेशी कसं वाजलं, थेंब दिवसातून किती वेळा. उजवा डोळा संपेतो माझं पाव बॉनेट झालं. मग म्हटलं, "नाना, जरा इकडे सरकता का? नीट ऐकू येत नाही." नाना सरकले. सावली सरकली. डावा डोळा सुरू झाला.

इथे थांबायला हवं होतं. पण माणसाला हाव सुटते. बॉनेट उरकून डाव्या दारावर यावं म्हणून मी त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडात शिरलो. नाना दोन वाक्यं बोलले आणि थबकले. बॉनेटकडे पाहिलं, वर छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू माझं ऐकतोयस की छत्रीचं?"

मी काही बोललो नाही. फडकं पिळत राहिलो. नानांनी शांतपणे छत्री मिटली, काखेत मारली आणि भर उन्हात, टकलावर ऊन घेत, निघून गेले. मला सावली मिळू नये म्हणून त्या माणसाने स्वतः ऊन खाल्लं. याला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही.

उरलेली गाडी दीड तासात पांढरीफटक. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर जे पॉलिश गेलं ते टूथब्रशनेही निघेना. साखरपुड्याला मुलीचे मामा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बॉनेट नवीन बसवलंत का? ठोकली होती?" फोटोत नवरामुलगा बॉनेटपाशी उभा आहे. बरोबर गोलावर, मीच उभा केला.

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात नाना.

"ती डबी उरलीय का रे? चेतकला एक हात मारावा म्हणतो."

दिली. फडकंही मागून घेतलं. आज सकाळपासून खाली छपराखाली, खुर्ची टाकून, पंख्याची वायर ओढून त्यांचं काम सुरू आहे. सावकाश. घाई कसली.