सोर्स कोड मागायला आलेल्या गिऱ्हाइकास, दुकानाकडून उत्तर

नमस्कार. तुम्ही रिव्ह्यूत आमच्या दुकानाला दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर गेल्या रविवारी वाचला. उत्तराला आठवडा लागला, कारण आधी दुकानातल्या एकेका मेमरी कार्डावर काय भरलंय ते मला स्वतः बघायचं होतं.

तुमची तक्रार वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दिवाळीत तुम्ही आमच्याकडून जुना पीएसपी (सोनीचं हातात धरून खेळायचं गेम मशिन) ५,२०० रुपयांना घेतला. त्यातले ५०० 'गेम सेटअप'चे. घरी गेल्यावर कळलं की आतला इम्युलेटर (दुसऱ्या मशिनचे जुने गेम चालवणारा प्रोग्राम) नेटवर फुकट मिळतो. तो उघडला की आधी आमच्या दुकानाचं नाव येतं, मूळ करणाऱ्यांचं कुठंच नाही. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यातून तयार होतो तो लिहिलेला मजकूर, मागायला परत आलात, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "नेटवर बघा." गेमही भरून दिले नाहीत. शेवटी तुम्ही लिहिलंय, "फुकटचं विकणारे चोर."

पोराला बोल लावू नका. सोर्स कुणी मागितला तर असं सांग, हे त्याला मीच शिकवलं होतं. मला वाटायचं, कोड तर नेटवर सगळ्यांसाठी आहे, आपण वेगळा काय द्यायचा? तिथंच मी चुकलो.

तुमच्या पीएसपीवर आहे तो रेट्रोआर्च, म्हणजे वेगवेगळे इम्युलेटर ज्याच्या आत चालतात तो प्रोग्राम, पण जसाच्या तसा नव्हे. पीएसपी २००४ साली जपानात आला. आमच्याकडं येणारे नग दहा-पंधरा वर्षं हाताळलेले असतात आणि डाव्या बाजूचं ते काळं गोल बटण झिजून सैल झालेलं असतं. हात लावला नाही तरी मेनू आपोआप खाली सरकत जातो. सुटा भाग दरवेळी मिळत नाही. म्हणून माझ्या भाच्यानं कोडमध्ये बदल करून बटणाची मधली निष्क्रिय जागा वाढवली, म्हणजे थोडी हालचाल मोजलीच जाऊ नये. काम उत्तम झालं. चंदगड, खानापूर, निपाणीकडून लोक मुद्दाम आमच्या 'सेटअप'साठी येऊ लागले. मग मीच त्याला म्हटलं, सुरुवातीला आपलं नाव टाक.

म्हणजे नेटवर आहे तो कोड तुमच्या मशिनवरच्या फाईलचा नाहीच. रेट्रोआर्चला जीपीएल या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची तिसरी आवृत्ती लागू आहे, २००७ सालची. बदल करून वाटायला ती मोकळीक देते, पण बदललंय हे तारखेसकट लिहायला लावते, मूळ हक्काच्या सूचना पुसू देत नाही, आणि जी फाईल दिली तिचाच जुळणारा सोर्स, ती बांधायच्या, म्हणजे कोडवरून चालती फाईल तयार करायच्या, स्क्रिप्टांसकट, द्यायला लावते. सोबत दिला नसेल तर निदान तीन वर्षं चालेल असं लेखी वचन द्यावं लागतं. 'मला मिळालेलं वचनच पुढं देतो' ही सवलत अधूनमधून, व्यापाराविना देणाऱ्याला आहे. पावती फाडणाऱ्या दुकानाला नाही. तुम्ही मागितलं ते तुमच्या हक्काचं होतं.

आता अवघड गोष्ट सांगतो. त्या जुन्या फाईलचा जुळणारा सोर्स आमच्याकडं नाही. भाच्याच्या लॅपटॉपची डिस्क पावसाळ्यात गेली. बटणाच्या बदलाचा तुकडा त्यानं मित्राला मेलवर पाठवला होता, तेवढा सापडला. मूळ कोड कुठल्या दिवशीचा घेतला होता आणि बांधताना कुठले पर्याय दिले होते, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. रात्री दोन वाजेपर्यंत बसलो, पण अंदाजानं जुळवलेलं तुमच्या हातात देऊन 'हाच सोर्स' म्हणणं मला जमणार नाही. म्हणून ती फाईल द्यायचं बंद केलंय. बंद केल्याची तारीख वहीत लिहिलीय आणि काय घडलं ते रेट्रोआर्चच्या लोकांनाही कळवलंय.

तुम्ही न लिहिलेलीही एक चूक आहे, तीही इथंच सांगतो. त्याच कार्डावर सुपर निन्टेन्डो या जुन्या गेम मशिनसाठी स्नेस नाइन एक्स हा इम्युलेटर आहे. त्याचा परवाना जीपीएल नाही. वैयक्तिक वापराला तो फुकट आहे, धंद्यासाठी आधी हक्कदारांची परवानगी घ्या असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नुसते पैसे घेणंच नव्हे, विकायच्या पॅकेजमध्ये घालणं किंवा आपल्या मालाच्या जाहिरातीला वापरणं, हाही त्यात धंदाच धरलाय. त्यात पीएसपीची आणखी एक अडचण आहे. कॉम्प्युटरवर रेट्रोआर्च एक फाईल आणि कोअर, म्हणजे त्याच्या आत चालणारा इम्युलेटर, दुसरी. पीएसपीवर दोन्ही एकत्र बांधून एकच इबूट (पीएसपीवर चालणारी फाईल) होतो. त्यातला रेट्रोआर्चचा अर्धा भाग म्हणतो, पुढच्या माणसावर जादा बंधन घालू नका, आणि स्नेस नाइन एक्सचा दुसरा अर्धा म्हणतो, परवानगीविना विकू नका. ही मोट बांधून दुकानात ठेवायला नको होती. परवानगी आम्ही घेतलेली नव्हती. आता विकायच्या कुठल्याच नगात स्नेस नाइन एक्स नसेल. फुकट घालून देतो असंही म्हणणार नाही, कारण मशिन तर विकतच असतो.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. 'फुकटचं विकलं' हा जीपीएलपुरता गुन्हा नाही. जीपीएलचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली ईमॅक्स या आपल्या मोकळ्या एडिटरची टेप १५० डॉलरला विकली. पीएसपीचे गेम फोनवर, कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या पीपीएसएसपीपी या इम्युलेटरची गोल्ड आवृत्तीही पैसे घेऊन विकली जाते आणि तोच इम्युलेटर फुकटही मिळतो. दिवसभर बसून जुनं मशिन चालतं करायचं, त्याची मजुरी घेण्यात मला काही गैर वाटत नाही. पण मजुरी घेतली की सोबतचा कागदही दिला पाहिजे, तो आम्ही दिला नाही.

गेम भरून देणार नाही. ते त्या त्या कंपन्यांच्या हक्काचे आहेत. लहानपणी आम्हीही जत्रेतली '९९९९ इन वन'ची पिवळी कॅसेट घासून घासून खेळलो, त्यामुळं मागणाऱ्याची हौस मला समजते. करणाऱ्यांनी स्वतः वाटायला मोकळे ठेवलेले होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेले) गेम आहेत, ते देतो.

भाच्यानं आता स्वच्छ मूळ कोडवरून नव्यानं बांधणी केलीय. पीएसपीसाठी हौशी लोकांनी मिळून उभारलेलं पीएसपीएसडीके हे प्रोग्राम बांधायचं साधन वापरलंय, सोनीचं काही नाही. सुरुवातीला रेट्रोआर्चचंच नाव येतं. आमचं नाव बदलांच्या नोंदीत, तारखेसमोर. प्रत्येक मशिनसोबत सोर्सची डीव्हीडी आणि परवान्याची छापील प्रत मिळेल. परवाना इंग्रजीतच ठेवलाय, कारण भाषांतर अधिकृत धरत नाहीत. त्यावर एक पान मराठीत आणि एक कन्नडमध्ये जोडलंय, काय मागायचा हक्क आहे ते सांगणारं. सोर्सची डीव्हीडी हरवली तर परत फुकट देऊ.

बिलबुकात 'सेटअप' लिहिलेली ४१ बिलं निघाली. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले, २६ जण लागले. बाकीच्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर कार्ड घेऊन या. सेव्ह केलेले गेम आधी उतरवून घेऊ, मग कार्ड बदलून देऊ आणि सेटअपचे पैसे परत करू. बिल हरवलं असलं तरी चालेल.

तुमचे ५०० रुपये आणि नव्या बांधणीची डीव्हीडी तुमच्या बिलाच्या नंबरानं पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलीय. सोमवार सोडून कधीही या. भाचा संध्याकाळी सहानंतर असतो, बटणाचा बदल त्याच्याकडून ओळीनं समजून घ्या. तुमच्या मशिनचं ते बटण उजवीकडं थोडं जास्त ओढतं असं विकताना आम्ही वहीत लिहिलं होतं. निष्क्रिय जागेचा आकडा नव्या बांधणीत मेनूतून बदलता येतो, तो तुमच्यासमोर बसवून देऊ.