लपवलेला विराम कोणाचा असतो?

वसईतल्या आमच्या चर्चच्या गायनवृंदासाठी मराठी भक्तिगीतांची चार आवाजांतली नोटेशन्स मी काही वर्षांपासून म्यूझस्कोर या नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरवर लिहिते. सोप्रानो आणि आल्टो (स्त्रियांचे उंच आणि खालचे आवाज) वरच्या स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या पट्टीवर, टेनर आणि बेस (पुरुषांचे तसेच दोन आवाज) खालच्या स्टाफवर, अशी नेहमीची मांडणी असते. एका स्टाफवर दोन आवाज लिहायचे म्हटले की विरामांचा, म्हणजे आवाजाने गप्प राहण्याच्या ज्या खुणांना तालमीत आम्ही रेस्ट म्हणतो त्यांचा, प्रश्न येतोच. त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा की नको असलेले विराम निवडावेत, व्ही ही कळ दाबावी आणि ते लपवून मोकळे व्हावे. हा सल्ला अपुरा आहे आणि गायनवृंदाच्या बाबतीत बऱ्याचदा चुकीचाही आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

गेल्या नाताळच्या तयारीतली गोष्ट आहे. चार-चार ठोक्यांचे बार (तालाचे विभाग) असलेल्या एका गीताच्या नवव्या आणि दहाव्या बारमध्ये सोप्रानो एकट्याच गात होत्या आणि आल्टोंचा प्रवेश अकराव्या बारच्या तिसऱ्या ठोक्यावर होता. आल्टोंचे विराम स्टाफच्या तळाशी सरकले होते आणि सोप्रानोंचे खालचे स्वर व गीताचे शब्द यांच्यामध्ये दाटीवाटीने बसले होते, म्हणून मी ते सगळे लपवले. कागद अगदी स्वच्छ दिसू लागला. तालमीत मात्र आल्टोंपैकी दोघी नवव्या बारपासून सोप्रानोंबरोबर गाऊ लागल्या, बाकीच्या गप्प राहिल्या आणि अकराव्या बारला कोणालाच आपला प्रवेश सापडेना. त्या दोघींची काहीही चूक नव्हती. दोन आवाजांच्या स्टाफवर एकच स्वर दिसला आणि दुसऱ्या आवाजाचा विराम दिसलाच नाही, तर दोन्ही आवाजांनी तो स्वर गायचा आहे असे समजणे स्वाभाविक आहे. दोन्ही आवाज एका स्वरावर आले की त्याला वर आणि खाली अशा दोन काड्या (स्वराला जोडलेल्या उभ्या रेघा) देण्याची पद्धत आहे खरी, पण ती सगळीकडे पाळली जात नाही, आणि सराव नसलेली व्यक्ती काडीपेक्षा स्वराकडे पाहते. विराम दिसत असता तर शंकेला जागाच उरली नसती.

तबला शिकलेल्या वाचकांना हे लगेच पटेल. तीनतालात नवव्या मात्रेला खाली असते; तिथे टाळी नसते, पण मात्रा असते आणि हात ती दाखवतो. विरामही तसाच मोजलेला काळ आहे. तो कागदावरून दिसेनासा केला तरी आल्टोंना ते दहा ठोके मोजावेच लागतात, फक्त आता ते कशावर मोजायचे हे त्यांना कळत नाही.

म्यूझस्कोरमध्ये एका स्टाफवर चार व्हॉइस, म्हणजे आवाजांच्या स्वतंत्र ओळी, लिहिता येतात: पहिली निळी, दुसरी हिरवी, तिसरी नारिंगी आणि चौथी जांभळी. पहिल्या व्हॉइसने प्रत्येक बार पूर्ण भरलेला असावा लागतो, त्यामुळे तिच्यातले विराम लपवता येतात, पुसता येत नाहीत. बाकीच्या तीन व्हॉइसमधले विराम पुसताही येतात, आणि खरी गफलत इथे होते, कारण कागदावर लपवणे आणि पुसणे सारखेच दिसते. लपवलेला विराम फाइलमध्ये शाबूत राहतो, पडद्यावर राखाडी दिसतो आणि हवा तेव्हा परत आणता येतो. पुसलेल्या विरामाच्या जागी पोकळी उरते, आणि पुढे त्या व्हॉइसमध्ये मधल्याच ठोक्यावर एखादा स्वर घालायची वेळ आली की ती पोकळी फार छळते. (त्या बारची पहिली आणि दुसरी व्हॉइस एकदा आपसांत बदलून पुन्हा पूर्ववत केली की पुसलेले विराम परत येतात. ही युक्ती मला फार उशिरा कळली.) काही जण विरामांची कटकटच नको म्हणून आल्टोंचा एकटीचा भाग पहिल्या व्हॉइसमध्ये लिहून टाकतात. तसे कधीही करू नये. पुढे आल्टोंचा स्वतंत्र पार्ट, म्हणजे फक्त त्यांच्या ओळीचा कागद, काढायला गेले की नेमका तोच भाग त्यात नसतो.

लिलिपॉन्ड या अक्षरे टंकून नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हा भेद लिहितानाच करावा लागतो, आणि मला ती पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. तिथे आर हे अक्षर दिसणारा विराम देते आणि एस हे अक्षर नुसती न दिसणारी जागा देते. टंकतानाच ठरवावे लागते की इथे कोणी थांबले आहे, की इथे कोणी नाहीच. डोरिको या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्येही व्हॉइस कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगण्याची सोय आहे, आणि त्या हद्दीबाहेर विराम उमटत नाहीत.

थांबले आहे की नाहीच, यावरच माझा निर्णय ठरतो. पियानोच्या डाव्या हातात शेवटच्या ठोक्यापुरती दुसरी व्हॉइस येते, तेव्हा तिच्या आधीच्या तीन ठोक्यांचे विराम खुशाल लपवावेत, कारण वाजवणारा एकच आहे आणि त्या विरामांत कोणीही वाट पाहत नाही. पण पियानोवरही सरसकट नियम चालत नाही. फ्यूग म्हणजे एकच धून वेगवेगळ्या आवाजांनी एकामागून एक उचलण्याची रचना; बाखच्या सी मायनर फ्यूगचा (त्याच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही 847) आरंभ पाहावा. मधला आवाज एकटा सुरू होतो, तोही अर्ध्या ठोक्याच्या विरामानंतर. तिसऱ्या बारमध्ये वरचा आवाज तशाच विरामानंतर प्रवेश करतो आणि मधला आवाज त्याच्याखाली चालूच राहतो. तो चिमुकला विराम लपवला तर नवा आवाज आला हेच डोळ्यांना कळत नाही, सगळी एकच गर्दी वाटते. पहिल्या दोन बारमधले वरच्या आवाजाचे विराम लपवले तरी चालतील, प्रवेशाचा मात्र दाखवलाच पाहिजे.

2024 च्या ऑगस्टमध्ये फिनाले या नोटेशन सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याची घोषणा झाल्यापासून जुन्या फाइल म्यूझिकएक्सएमएल या सॉफ्टवेअरांमधल्या देवाणघेवाणीच्या फाइल-स्वरूपामार्गे दुसरीकडे नेण्याचे काम अनेक जण करत आहेत, म्हणून एवढे सांगते. त्या स्वरूपात लपवलेला विराम 'छापू नये' अशा खुणेसह विराम म्हणूनच लिहिता येतो, तर पोकळी म्हणजे नुसती 'पुढे सरका' अशी सूचना असते. पोकळीचे काय करायचे हे उघडणारे सॉफ्टवेअर ठरवते. त्यामुळे स्थलांतरानंतर दोन व्हॉइस असलेला प्रत्येक बार, न दिसणारे घटक दाखवण्याची सोय चालू ठेवून, एकदा डोळ्यांखालून घालावा.

मी स्वतः आता लपवण्याचे काम सगळ्यात शेवटी करते. आधी सगळे लिहायचे, ऐकायचे, चारही पार्ट वेगळे काढून पाहायचे. दोन्ही आवाज एकाच वेळी थांबत असतील तर दोन सारखे विराम एकत्र करून मधोमध एकच दाखवायचा. विराम अडचणीचा वाटला तर प्रथम त्याला वर-खाली सरकवून पाहायचे. नाताळच्या त्या गीतात आल्टोंचे दोन पूर्ण बारचे आणि एक अर्ध्या बारचा, असे तिन्ही विराम मी परत दाखवले आणि शब्दांची ओळ खाली घेतली. गीत दोन पानांऐवजी तीन पानांवर गेले. पुढच्या तालमीत अकराव्या बारच्या तिसऱ्या ठोक्यावर सगळ्या आल्टो एकत्र आल्या.