‘भित्राच अंधश्रद्धाळू’ या गणितातली चूक

एक दावा सारखा फिरत असतो: ‘भित्र्या, कच्च्या मनाची माणसंच अंधश्रद्धाळू असतात, कणखर आणि शिकलेला माणूस लिंबू-मिरचीकडे ढुंकूनही बघत नाही. मानसशास्त्रानं हे सिद्ध केलंय.’

‘संबंध सापडलाय.’ सापडतो, पण केवढा? समजा, चिंतातुर स्वभाव आणि अंधश्रद्धा यांचा सहसंबंध (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.२ आला. त्याचा वर्ग ०.०४. म्हणजे माणसामाणसांतल्या अंधश्रद्धेच्या फरकातला जेमतेम ४ टक्के भाग स्वभावाशी जुळतो. एवढ्यावर कुणाच्या कपाळी ‘भित्रा’ असा शिक्का मारता येत नाही.

‘प्रश्नावली भरून मोजलंय.’ खरी गोम इथे आहे. मानसशास्त्रज्ञ टोबॅसिक यांची अलौकिक गोष्टींवरचा विश्वास मोजणारी १९८८ची सुधारित प्रश्नावली खूप वापरली जाते. तिच्यात २६ विधानं आहेत, पण अंधश्रद्धेच्या वाट्याला फक्त ३: काळं मांजर, फुटलेला आरसा आणि १३ हा आकडा. बारामतीतल्या एखाद्याला १३चं काहीच वाटत नाही, मात्र पितृपक्षात तो फ्लॅटचं टोकन देत नाही. या मोजपट्टीवर तो पक्का विवेकवादी ठरेल! शिवाय तिन्ही विधानं अपशकुनाची. चिंतातुर माणूस वाईटाच्या बातमीला लवकर मान डोलावतो, त्यामुळे संबंध आहे त्याहून ठळक दिसू शकतो. वाइझमन आणि वॉट या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली हीच त्रुटी दाखवून शुभशकुनांचे प्रश्न वेगळे मोजले. मराठीत चाचणी घ्यायची तर नुसतं भाषांतर पुरत नाही. अमावास्या, पाल चुकचुकणं, आडवं मांजर एका गटात घ्या. ताईत, ‘लकी’ पेन, शुभ आकडा दुसऱ्या गटात. दोन्हींचे गुण एकत्र करू नका. आणि ‘पटतं का?’ व ‘गेल्या महिन्यात केलंत का?’ हे दोन प्रश्न स्वतंत्र ठेवा. न पटणारी गोष्टही ‘उगाच कशाला विषाची परीक्षा’ म्हणून करणारे पदवीधर पुष्कळ असतात. शिक्षणाचा मुद्दा तिथेच लंगडा पडतो.

‘सगळं मूळ स्वभावातच.’ मग परिस्थितीचं काय? पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी नोंदवलंय, की खाजणातल्या बिनधोक मासेमारीला तिथले कोळी मंत्रतंत्र करत नसत, खुल्या समुद्रात जाताना मात्र सगळे विधी यथासांग होत. समाज एकच, भोवतालचा धोका तेवढा वेगळा.

स्वभावाचं काहीच चालत नाही, असंही नाही. १९९१च्या आखाती युद्धात इस्रायलवर क्षेपणास्त्रं पडत होती, तेव्हा मानसशास्त्रज्ञ केनान यांनी तिथल्या लोकांची पाहणी केली. माऱ्याखालच्या भागांत जादुई विचार (कार्यकारण नसताना एका गोष्टीनं दुसरी घडते असं मानणं) जास्त आढळले. अनिश्चितता ज्यांना सोसत नाही, त्यांच्यात ही वाढ अधिक ठळक होती. थोडक्यात, स्वभावाचा जोर दिसला तो डोक्यावर क्षेपणास्त्रं असताना. आणि फिरत्या दाव्यात क्षेपणास्त्रांचा पत्ताच नाही.