मोठ्या गटाला बुरशी

बालवाडीच्या पालकसभेत मागे बसू नये. पुढे बसलेले हवं ते पटकन मागून घेतात आणि उरलेलं मागच्यांच्या गळ्यात पडतं. यंदा ‘पावसाळा’ हा प्रकल्प होता. बेडूक एका बाबांनी पळवला, गांडूळ एका आजोबांनी हक्कानं घेतलं, इंद्रधनुष्य तर हातोहात गेलं. मी चप्पल शोधत असताना ताई म्हणाल्या, “कुत्र्याची छत्री निषादची आई घेतील,” आणि वहीत लिहूनही टाकलं.

बुरशीबद्दल माझं ज्ञान तोवर एवढंच होतं, की ती पावसाळ्यात लोणच्यावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर येते, आणि आली की चूक घरातल्या बाईची असते. मग मी जिद्दीनं अभ्यास केला. सगळं बिघडलं ते तिथेच. पाच वर्षांच्या मुलांसमोर जाणाऱ्यानं फार वाचून जाऊ नये.

वर्गात अठरा मुलं होती. मी चित्र वर धरलं आणि म्हणाले, “ही बघा कुत्र्याची छत्री.”

“कुठल्या कुत्र्याची?”

“तो धरतो कशी? त्याला हात कुठेत?”

“आमच्या सोसायटीतला टायगर तर रोज भिजतो. त्याची कुणी घेतली?”

मी म्हणाले, नुसतं नाव आहे ते, आपण तिला अळिंबी म्हणू. त्यावर ओवीनं माहिती पुरवली, “माझी पणजी सांगते, कुत्रा शू करतो ना, तिथे ती उगवते.” ‘शू’ या शब्दानंतर पुढची पाच मिनिटं शिक्षण थांबलं. दोघं जमिनीवर लोळत होते. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

आंब्याचं उदाहरण मी फार हौसेनं तयार केलं होतं. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे नुसती कैरी. खरं झाड असतं मातीत, नाहीतर कुजलेल्या लाकडात. पांढऱ्या बारीक धाग्यांचं जाळं, शेवयांहून कितीतरी बारीक. पाऊस पडला की त्या जाळ्याला छत्र्या लागतात, आणि छत्रीतून धुळीपेक्षा बारीक बिया उडतात, त्यांना बीजाणू म्हणायचं. मला वाटलं, छान जमलं.

“मग झाडावर चढायचं कसं?” कबीरनं विचारलं.

“चढता येत नाही, ते जमिनीखाली असतं.”

“मग खाली उतरायचं कसं?”

मी घाईनं पुढच्या मुद्द्यावर गेले. अळिंबीला हिरवी पानं नसतात, म्हणून तिला उन्हातून स्वतःचं जेवण करता येत नाही. ती आपल्यासारखं तयार जेवणच जेवते, पण तिला तोंड नाही, पोट नाही. म्हणून ती पाचक रस बाहेरच सोडते, लाकूड तिथल्या तिथे विरघळवते आणि मग तो रस शोषून घेते. आपण आधी खातो आणि मग पचवतो, ती आधी पचवते आणि मग खाते. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण शर्विल नावाच्या शांत मुलानं हात वर केला. शांत मुलांपासून जपून राहावं. “म्हणजे ते झाड नाही?”

“नाही. झाडही नाही आणि प्राणीही नाही. तिसरंच. पण झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळचं.”

“सख्खं?”

“लांबचं चुलत. खेकड्याचं कवच असतं ना कडक? त्यात कायटिन नावाचा पदार्थ असतो, तोच अळिंबीतही असतो.”

शर्विलनं मान डोलावली. ही माहिती तो नीट घडी घालून घरी नेणार, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसायला हवं होतं.

प्रात्यक्षिकही माझ्याच डोक्यातून निघालं होतं. अळिंबी पिकवणाऱ्या एका मैत्रिणीनं मला धिंगरीचं, म्हणजे शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या अळिंबीचं, स्पॉन दिलं. स्पॉन म्हणजे बुरशी धरलेले गव्हाचे दाणे. दिसायला थेट डब्यात विसरलेली साबुदाण्याची खिचडी. भाताचा पेंढा बोटाएवढा कापायचा, रात्रभर भिजवायचा, मग तासभर 80 अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवायचा, म्हणजे नको त्या बुरश्या मरतात आणि आपल्या बुरशीला मोकळं रान मिळतं. मी हे माझ्या सर्वांत मोठ्या पातेल्यात केलं. घरभर गोठ्याचा वास सुटला. नवरा ऑफिसातून आला, दारात थांबला आणि म्हणाला, “म्हैस कुठे बांधलीय?”

पेंढा मुठीत दाबला तर थेंब गळायला नको, पण हात ओला व्हायला हवा. कणकेसारखंच, अंदाज आल्याशिवाय जमत नाही. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा चार बोटं थर, त्यावर थोडं स्पॉन, पुन्हा पेंढा. तोंड बांधलं, सुईनं भोकं पाडली आणि पिशवी बालवाडीत सामानाच्या अंधाऱ्या खोलीत टांगली. धिंगरी हे नाव कळताच मुलांनी तिथे जो धिंगाणा घातला, तो या शब्दाच्या जन्मापासूनचा असावा.

“तिला अंधारात भीती नाही वाटत?” ओवीनं विचारलं. वाटत नाही म्हटलं, तर तिनं पिशवीकडे जरा आदरानं पाहिलं.

फोन त्याच रात्री सुरू झाले. पहिला कबीरच्या आईचा. “ताई, हा पोळीवर थुंकतोय.” मला आधी कळेना. “थुंकतो, वाट बघतो आणि मग खातो. म्हणतो, मी आधी पचवतोय. तुम्ही शिकवलंत म्हणे.” मी म्हटलं, बुरशी थुंकत नाही हो, ती पाचक रस सोडते. त्या म्हणाल्या, “पोळीला काय फरक पडतो?” तेही खरंच होतं.

दुसरा फोन एका आजोबांचा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा आणि कवकं, म्हणजे अळिंबी, एकाच श्लोकात वर्ज्य सांगितली आहेत, हे मला ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. मागून कुणीतरी “भजी गार होतायत” असं ओरडत होतं. पावसाळी संध्याकाळी आपल्याकडे कशाची भजी होतात हे जगजाहीर आहे. मी काही बोलले नाही.

तिसरा शर्विलच्या आईचा. आवाज अगदी खालचा. “मशरूम खेकड्याचं असतं का हो? शर्विल आजीला म्हणाला, तो प्राणी आहे. आमच्याकडे परवाच्या सोमवारी मटार-मशरूम झालं होतं. आई तेव्हापासून बोलत नाहीयेत.”

मी अर्धा तास समजावलं. प्राणी नाही, चुलत आहे, तोही कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळा निघालेला. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की ‘चुलत’ म्हटल्यावर भाऊबंदकीत कुणी वर्षं मोजत नाही.

त्यानंतर दोन-अडीच आठवडे काहीच झालं नाही. म्हणजे होत होतं, पेंढा हळूहळू पांढरा पडत होता, सायीसारखा. पण मुलांना ते दिसेना. रोज रांगेनं यायचे, बघायचे. “मेली,” कबीर जाहीर करायचा. जाळं पिशवीभर पसरल्यावर ताईंनी प्लॅस्टिक कापून काढलं, पेंढा उजेडवाऱ्यात टांगला आणि त्यावर दिवसातून दोनतीनदा पाणी फवारायचं काम मुलांकडे दिलं. पिशवीला किती मिळालं माहीत नाही, मुलं रोज चिंब होऊन घरी जायची.

एका शुक्रवारी घंटा व्हायच्या वेळी ओवीला मोहरीएवढे करडे ठिपके दिसले. ज्याची तीन आठवडे वाट बघितली, ते शनिवार-रविवारच्या सुट्टीचा मुहूर्त धरून उगवणार होतं. मदतनीस मावशींनी दोन्ही दिवस येऊन पाणी मारलं. त्यांनी मारलं म्हणून हा लेख आहे.

सोमवारी सगळे आत शिरले आणि अठरा मुलांच्या खोलीत चक्क आवाज नव्हता. पेंढ्यातून करडे-पांढरे घोस बाहेर आले होते, एकावर एक, तळहाताएवढ्या शिंपल्यांसारखे. मी एक तोडून उलटा धरला. खाली पडद्यांच्या बारीक बारीक घड्या, देठाकडून कडेपर्यंत. शर्विल नाक लावून मोजू लागला. वीसपर्यंत त्याला येत होतं, म्हणून वीस झाले की पुन्हा एकपासून. एक छत्री आम्ही काळ्या कागदावर घड्या खाली करून ठेवली आणि वर वाटी झाकली. उद्या बीजाणूंची पांढरी रांगोळी उमटलेली असेल म्हटलं. “काढतं कोण?” “तीच काढते.” यावर मात्र कुणाचाच प्रश्न नव्हता.

सुटताना शर्विलला न्यायला त्याची आजी आली. अबोला धरलेली तीच. मी दाराआड व्हायच्या आत तिनं मला गाठलं, पण नजर माझ्यावर नव्हती, घोसावर होती.

“अगो बाई, ही तर अळंबी!”

आजी मूळची राजापूरकडची. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवायच्या, जागा सख्ख्या भावालाही सांगायची नाही, पहाटे कंदील घेऊन जायचं, हे सगळं तिनं दारातच सांगितलं. मुलं भोवती जमली. मी मध्येच माझं ज्ञान घुसवलं, की ती अळंबी वाळवीच लावते, वारुळाच्या पोटात पालापाचोळ्यावर तिची शेती चालते. आजी म्हणाली, “असेल. आम्ही कधी वाळवीला विचारलं नाही.” मग तिनं मुलांना विषारी अळंबी ओळखायची खूण सांगितली. शिजवताना चांदीचं नाणं टाकायचं, काळं पडलं तर फेकून द्यायची. इथे मात्र मी ओरडलेच. नाण्यानं काहीही कळत नाही, जीव घेणारी अळंबीही नाणं लख्ख ठेवू शकते आणि कितीही शिजवली तरी तिचं विष उतरत नाही. रानातली, बागेतली कुठलीही छत्री तोंडात घालायची नाही, हे मुलांकडून तीनदा वदवून घेतलं. आजीनंही मुलांबरोबर म्हटलं.

“पण तुमच्याकडे मशरूम चालत नाही ना?” मी घाबरत विचारलं.

“मशरूम नाही हो चालत. ते प्राणी की काय असतं म्हणे, हाच सांगत होता. अळंबी चालते.”

ताईंनी सगळ्यांत मोठा घोस वर्तमानपत्रात बांधून दिला. आजीनं तो अलगद पिशवीत ठेवला. “कांदा-खोबरं लावून करते.”

“आज करणार?” शर्विलनं विचारलं.

आजीनं क्षणभर विचार केला. “आज नको. सोमवार आहे. उद्या करू.”