अग्नीची उंची

परवा एका गृहस्थाने माझ्या लेकीच्या लग्नात प्रज्वलित होणाऱ्या अग्नीची जास्तीत जास्त उंची विचारली. प्रश्न थट्टेचा नव्हता, कारण त्याच्या एका हातात मोजपट्टी होती आणि दुसऱ्या हातात चार पानांचा फॉर्म.

लग्न रटलंडमध्ये आहे. होणारा जावई तिथला, आणि लेस्टरमधल्या आमच्या घरापासून ते अंतरही फार नाही, एवढे कारण पुरे होते. इंग्लंडच्या ऐतिहासिक कौंट्यांमध्ये, म्हणजे जुन्या जिल्ह्यांमध्ये, रटलंड सर्वांत लहान. १९७४ मध्ये सरकारने तिला लेस्टरशायरमध्ये मिसळून टाकले आणि १९९७ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली. त्या तेवीस वर्षांविषयी आमच्या भावी विहीणबाई अजूनही पारतंत्र्याच्या सुरात बोलतात. आम्ही लेस्टरचे असल्यामुळे अशा वेळी मी चहात लक्ष घालते.

कार्यालय म्हणून जो वाडा घेतला आहे, तो वारसा यादीतला आहे. पूर्वी अशा वाड्यात कायदेशीर लग्न लावता येत नसे; चर्च किंवा नोंदलेले प्रार्थनास्थळ, नाहीतर सरकारी नोंदणी कार्यालय, एवढेच पर्याय बहुतेकांना होते. १९९४ च्या कायद्याने मान्यताप्राप्त वास्तूंमध्ये नोंदणी विवाहाला परवानगी मिळाली आणि इंग्लंडमधल्या कित्येक गळक्या वाड्यांना नवे छप्पर घालण्याची सोय झाली. अट एवढीच, की नोंदणी विवाहात धार्मिक विधी नसावा. म्हणून आमच्याकडे एकाच दिवशी दोन लग्ने आहेत. गुरुजींनी काढलेला मुहूर्त दुपारी बारा अडतीसचा आणि निबंधकबाईंनी दिलेली वेळ दोनची, त्यामुळे मंगलाष्टके होऊन, अक्षता पडून, सप्तपदी चालून झाल्यावरही माझी लेक सरकारदरबारी काही काळ कुमारिकाच राहणार आहे. मुहूर्ताच्या हट्टाला येथे कोणी हसू नये, कारण याच देशात १८८६ पर्यंत दुपारी बारानंतर लग्न लावता येत नव्हते, मग तीनपर्यंत, १९३४ पासून सहापर्यंत, आणि घड्याळाचे हे बंधन सुटले ते थेट २०१२ मध्ये.

तर, अग्नी. वाड्याच्या व्यवस्थापिकेने होमाचे नाव ऐकताच आगीपासूनच्या सुरक्षिततेचा एक सल्लागार बोलावला, आणि त्याची फी आमच्या बिलात लावली. गृहस्थ सत्तरीकडे झुकलेला, नम्र आणि भयंकर चिकाटीचा. दिवाणखान्यात त्याने मला समोर बसवले, गुरुजींना मी फोनवर घेतले, आणि फॉर्म सुरू झाला.

“ज्वालेची कमाल उंची?”

“वीतभर,” गुरुजी म्हणाले. वीत म्हणजे किती, हे त्यांनी फोनच्या पडद्यावर पंजा पसरून दाखवले. पडद्यावर मोजपट्टी लावून उपयोग नाही, हे सल्लागाराच्या ध्यानात आले, म्हणून त्याने माझी वीत मोजली. ती गुरुजींपेक्षा लहान निघाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याने माझीच लिहिली.

“ताई, तेवढ्यात तूप पडल्यावर काय करायचं?” गुरुजींनी मराठीत विचारले. मी ते त्याला सांगितले नाही.

“ज्वालाग्राही द्रव?” तूप. “प्रमाण?” पळी. “पळ्या किती?” गुरुजी मनातल्या मनात आहुत्या मोजू लागले आणि बराच वेळ मोजतच राहिले. सल्लागाराने तिथे ‘अनेक’ असे लिहिले आणि त्याखाली रेघ मारली.

“आगीजवळ सैल कपड्यातले कोणी असेल का?” नवरी असेल, मी म्हटले, नऊवारीत, आणि ती नवऱ्याबरोबर अग्नीभोवती फिरेल. त्याने मान वर केली. शिवाय तिच्या शालूच्या पदराला त्याच्या उपरण्याची गाठ मारलेली असेल, हेही मी सांगून टाकले, कारण लपवून नंतर काही झाले तर विमा मिळायचा नाही. त्याने चष्मा काढला.

“म्हणजे पळायची वेळ आली, तर दोघांना एकाच दिशेने पळावे लागेल?”

“तीच तर अपेक्षा आहे,” गुरुजी म्हणाले.

मग तो मुख्य प्रश्नावर आला. आग विझवणार कशी? गुरुजींनी शांतपणे सांगितले, की अग्नी विझवायचा नसतो, त्याचे विसर्जन करायचे असते. ‘गच्छ गच्छ सुरश्रेष्ठ’ म्हणून त्याला आपल्या स्थानी परत जाण्याची विनंती करायची. सल्लागाराने थोडा विचार केला आणि ‘विझवण्याची पद्धत’ या रकान्यात लिहिले: तोंडी.

हसू येत होते, नाही असे नाही. पण हा सगळा वेळ त्याच्या पाठीमागे वाड्याची मूळ शेकोटी भडकलेली होती. माणूस उभा राहील एवढी चूल, त्यात माझ्या मांडीएवढे ओंडके, वर दगडी कठड्यावर मेणबत्त्यांची रांग, आणि मधूनच उडून गालिच्याच्या कडेला पडणारी ठिणगी. पहिला फॉर्म संपल्यावर सल्लागाराने त्याच शेकोटीवर हात शेकले. या आगीचा फॉर्म कुठे आहे, असे मी विचारले. ती वाड्याची शोभा आहे, व्यवस्थापिकेने सांगितले. हिवाळ्यातल्या लग्नांना लोक तिच्यासाठीच येतात. तिची उंची कोणी मोजत नाही. आमच्या समिधांची बोटभर चूड तेवढी ‘तुमच्या संस्कृतीतला धोका’ ठरते. हळदीचेही तेच झाले. फरशीवर डाग पडेल म्हणून आमच्याकडून वेगळी अनामत घेतली आहे. लाल वाइनसाठी कोणाकडून अशी अनामत घेतल्याचे मात्र दरपत्रकात कुठे दिसले नाही. ‘तुमच्या संस्कृतीत’ हे दोन शब्द जिथे येतात, तिथे पुढच्या ओळीत पौंडाचे चिन्ह असते, हे मी आता न वाचता सांगू शकते.

याच रटलंडमध्ये, ओकम गावच्या किल्ल्यातल्या बाराव्या शतकातल्या सभागृहात, भिंतीभर घोड्याचे नाल टांगलेले आहेत. सरदार-उमराव पहिल्यांदा गावात आला, की त्याने एक नाल द्यायचा, ही शतकांची रीत. दोनशेंहून अधिक नाल जमले आहेत, आणि त्यांत सैतानाला बसायला जागा मिळू नये म्हणून ते उलटे टांगतात, असे तिथले लोक सांगतात. आम्ही ते पाहिले, कौतुक केले, फोटो काढले. माथ्यावर एवढे लोखंड कशाच्या आधाराने लटकते आहे, असे आमच्यापैकी कोणी विचारले नाही.

कायद्याला लग्नासाठी दोन साक्षीदार हवेत. अग्नीला त्यांत धरत नाहीत, कारण त्याला सही करता येत नाही. निबंधकबाईंच्या नोंदीत मात्र आता आईचेही नाव येते. २०२१ पर्यंत फक्त बापाचे येत असे. आमच्या ह्यांच्या वाट्याला दुसरा मान आला आहे. ‘आगीची जबाबदारी असलेली व्यक्ती’ म्हणून गुरुजींनी यजमानाचे नाव सांगितले, त्यामुळे कन्यादान उरकताच त्यांना सोवळ्यातच अग्निशामक नळकांडे घेऊन उभे राहायचे आहे.

निकाल कालच्या पत्राने आला. होम बाहेर, हिरवळीवर, वाळूच्या ताटात, वाड्यापासून ठरलेल्या अंतरावर. पाऊस आल्यास छत्री चालेल, मंडप चालणार नाही. पत्राच्या शेवटी एक शंका होती. नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत जे काही घालणार आहे आणि ती ते आगीत टाकणार आहे, त्या पदार्थाचा उल्लेख फॉर्ममध्ये आढळला नाही. लाह्यांसाठी वेगळा फॉर्म येतो आहे.